फाटकावरचा फलक

आमच्या इमारतीत १८ घरं. निवडणुकीला तीन आठवडे उरले होते, तेव्हा एका संध्याकाळी कामावरून परतताना फाटकावर नवा कापडी फलक दिसला. वर उमेदवाराचा मोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, ‘या इमारतीतील सर्व रहिवाशांचा जाहीर पाठिंबा’. ‘सर्व’ या शब्दापाशी माझे पाय थांबले. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या उमेदवाराला मी मत देणार नव्हते.

त्या फलकावरून पुढच्या पाच महिन्यांत जे घडलं ते इथे मांडते आहे. त्यात माझ्या चुका आहेत, त्या जशा घडल्या तशा लिहिल्या आहेत. उमेदवार कोण, पक्ष कोणता, हे मुद्दाम सांगत नाही. ते कळलं की वाचणारा लगेच कुणाची तरी बाजू घेऊन बसतो, आणि मला बोलायचं आहे ते शेजाराबद्दल. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

तीन वर्षांचं ‘हं’

राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की इथलं वारं कुठल्या दिशेचं आहे. जिन्यातल्या गप्पा, इमारतीचा फोनवरचा गट, समितीच्या बैठकीनंतरचं रेंगाळणं, सगळीकडे एकच सूर. मी गप्प राहिले. मुलगी लहान, नोकरी पूर्ण वेळेची, आणि नव्या जागी पहिली गरज भांडणाची नसते, आधाराची असते. तो आधार शेजारच्या वहिनींनी दिला. आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. मुलगी शाळेतून आली की माझी वाट बघत त्यांच्याकडेच अभ्यास करत बसायची.

वहिनी बातम्या बघताना मोकळेपणाने बोलायच्या. कोण चांगलं काम करतंय, कोण देश बुडवतंय, कुणाला एकदा धडा शिकवायला हवा. मी ‘हं’ म्हणायचे. कधी नुसती मान हलवायची. माझ्या मनात त्या ‘हं’चा अर्थ ‘ऐकतेय’ एवढाच होता. त्यांनी त्याचा अर्थ ‘पटतंय’ असा घेतला, आणि कोणीही तसाच घेतला असता.

एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासिकेने १९७४ साली या गप्प बसण्याची एक मीमांसा मांडली. माणूस आजूबाजूला कुठल्या मताचा जोर आहे याचा सतत अंदाज घेत असतो. आपण एकटे पडू असं वाटलं की तो बोलायचं थांबतो. तो थांबला की समोरचं मत आहे त्याहून मोठं दिसू लागतं, आणि मग पुढचा माणूसही थांबतो. ‘मौनाचा भोवरा’ म्हणू या त्याला. लोकांचा कल तपासायला त्या एक साधा प्रश्न विचारत: समजा पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे आणि डब्यातला सहप्रवासी अमुक मताचा आहे, तर त्याच्याशी या विषयावर बोलाल का?

मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो, पण त्यात एक फरक आहे. रेल्वेतला माणूस पाच तासांनी उतरून जातो. शेजारी उतरत नाही. डब्यातलं मौन प्रवासासोबत संपतं, शेजारातलं साचत जातं. माझ्याकडे ते तीन वर्षं साचलं होतं.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी

फलक दिसल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या रात्री गटावर कुणीतरी त्या फलकाचा फोटो टाकला, खाली टाळ्यांची रांग लागली, आणि मी लिहिलं: ‘माझ्या नावाने पाठिंबा जाहीर करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? विचार न करता मागे जाणाऱ्या कळपात मला मोजू नका. फलक उद्या सकाळी उतरवा.’

यातलं पहिलं वाक्य रास्त होतं. तिसरं उद्धट असलं तरी मुद्द्याचं होतं. घात केला मधल्या वाक्याने. ‘कळप’ वाचल्यावर बाकीची दोन वाक्यं कोणी वाचलीच नाहीत. सकाळी उठले तोवर गटावर साठेक निरोप येऊन पडले होते, आणि जवळपास सगळे त्या एका शब्दाबद्दल होते. फलकाचं नावच नव्हतं.

मग मी दुसरी चूक केली. दुपारपर्यंत बातम्यांची कात्रणं, तक्ते, भाषणांच्या चित्रफिती असे नऊ-दहा दुवे गटावर टाकले. खरी माहिती समोर ठेवली की माणसं विचार करतील असं मला मनापासून वाटत होतं. २०१८ साली ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना महिनाभर विरुद्ध मताच्या खात्यावरचे रोज २४ निरोप दाखवले. अपेक्षा अशी की कडवेपणा थोडा कमी होईल. रिपब्लिकन पक्षाचे लोक उलट आपल्या मतात अधिक घट्ट झाले. डेमोक्रॅटांमध्येही मवाळपणा आलेला दिसला नाही. गटावर पडणाऱ्या दुव्यामागे माणसाचा चेहरा नसतो, आवाज नसतो. नुसती एक फेकलेली वस्तू येऊन आदळते आणि समोरचा हात वर करून ती अडवतो. आमच्याकडे तेच झालं.

त्या संध्याकाळी मुलगी वहिनींकडून परत आली ती हातात पाकीट घेऊन. आत आमच्या घराची किल्ली होती. चिठ्ठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, ‘वहिनी, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं.’ त्या थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुमचं मत वेगळं आहे याचं मला काही नाही. पण तीन वर्षं तुम्ही माझ्यासमोर मान हलवत होतात. म्हणजे मनातून तुम्ही मला कळपातलीच समजत होतात ना?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इतके दिवस मी धरून चालले होते की माझं मत कळलं तर त्या दुरावतील. दुरावा आला तो मत लपवल्यामुळे. त्यांनी मनातलं सगळं माझ्यापुढे उघडं केलं होतं आणि मी बंद दाराआडून ऐकत राहिले होते. या सगळ्या प्रकरणात मला कळलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि पुढे जे काही केलं ते हे समजल्यानंतरचं आहे.

दोन खाजगी निरोप

त्याच आठवड्यात मला दोन घरांतून वेगवेगळे खाजगी निरोप आले. मजकूर जवळपास सारखाच: ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे. आम्हालाही कोणी विचारलेलं नाही. पण आम्हाला मध्ये आणू नका.’ दोन्ही घरं भाड्याची. त्यातल्या एकाचे घरमालक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात.

म्हणजे १८ पैकी निदान तीन घरं त्या ‘सर्व’मध्ये नव्हती, आणि तिन्ही घरं आपण एकटेच आहोत असं समजून चालली होती.

सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकेत केलेले रेषांचे प्रयोग पुष्कळांना माहीत असतात. तीन रेषांतली कुठली रेषा नमुन्याएवढी आहे हे ओळखायचं. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारं, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देणार. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेले. एवढंच बहुतेक वेळा सांगितलं जातं. पण त्यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. खोलीत एकच जोडीदार खरं उत्तर देणारा मिळाला, तर बहुमतामागे जाण्याचं प्रमाण जवळजवळ पाव हिश्शावर आलं. बहुमताची ताकद संख्येत जेवढी असते त्याहून जास्त एकमुखात असते. एका आवाजाने तिला तडा जातो.

तो एक आवाज मी तीन वर्षांपूर्वी देऊ शकले असते, आणि तोही रागावून नव्हे. ‘मला तसं वाटत नाही हो’ एवढं जिन्यात म्हटलं असतं तरी त्या दोन घरांना पुरलं असतं. फलकावर ‘सर्व’ लिहिताना कुणाचा तरी हात थबकला असता. आपलं गप्प बसणं ही आपली खाजगी बाब आहे असं मी मानत होते. तसं ते नव्हतं.

माफी आणि हरकत

चौथ्या दिवशी मी गटावर लिहिलं: ‘कळप हा शब्द मी मागे घेते. तो मी टोचण्यासाठीच वापरला होता आणि ते वाईट होतं. सगळ्यांची माफी मागते. फलकाबद्दलची माझी हरकत कायम आहे. त्याबद्दल मी समितीच्या काकांशी समोर बसून बोलेन.’

हे लिहायला मला दीड तास लागला. पहिल्या चार मसुद्यांत कुठे ना कुठे ‘पण’ होता: ‘माफी मागते, पण मलाही दुखावलं होतं.’ असा ‘पण’ आला की माफीचं पुन्हा भांडण होतं. जिथे बोललो तिथेच माफी मागायची, हेही मी कटाक्षाने पाळलं. चारचौघांत केलेला अपमान एकेकाच्या कानात मागितलेल्या माफीने भरून निघत नाही. आणि माफीच्या भरात हरकत सोडून द्यायची नाही. ती सोडली असती तर मी पुन्हा ‘हं’ म्हणणारीच झाले असते.

गटावर फक्त एक उत्तर आलं, काकांचं. ‘रविवारी सकाळी या.’

काकांचं म्हणणं

समितीचे काका निवृत्त आहेत. इमारतीचा सगळा हिशेब त्यांच्या वहीत असतो. गेल्या कित्येक वर्षांत एका पैशाची चूक नाही. मी जाताना पूर्ण तयारीने गेले होते. ते दडपशाही करणारे, मी अन्याय झालेली, असं काहीसं चित्र डोक्यात होतं. त्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की ते चित्र विस्कटलं.

‘मला खरंच वाटलं सगळ्यांचा आहे. तीन वर्षांत तुम्ही किंवा कोणी एकदा तरी वेगळं बोललात का? मी बनाव केला नाही.’

त्यांनी खरोखरच बनाव केला नव्हता. त्यांच्या कानांवर जे येत होतं तेच त्यांनी फलकावर लिहिलं होतं. मी ते कबूल केलं. मग ते म्हणाले, ‘चला, “सर्व”च्या जागी “बहुसंख्य” करतो. मिटलं?’

वरवर हे अगदी न्याय्य होतं. मी मात्र नाही म्हटलं. ‘बहुसंख्य’ लिहिलं की प्रत्येक जण उरलेले कोण ते मोजायला लागणार. माझं मत आता उघड झालंय, मला काही फरक पडत नाही. पण ज्याच्या डोक्यावरचं छत दुसऱ्याच्या मालकीचं आहे त्याला पडतो. मी नावं घेतली नाहीत, ती माझ्याकडे विश्वासाने आली होती. ‘भाडेकरू’ एवढंच म्हटलं.

काका तापले. ‘ज्याला आपल्या मताची लाज वाटते तो लपवतो. मर्दासारखं सांगावं.’

हा युक्तिवाद हलका नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्याने गुप्त मतदानाला विरोध केला होता तो याच अंगाने. मत म्हणजे समाजाने सोपवलेली जबाबदारी, ती सगळ्यांदेखत पार पाडावी, असं त्यांचं म्हणणं. तरी इतिहास दुसऱ्या बाजूला गेला, आणि तो का गेला हे काकांना सांगायला मला आवडलं. पूर्वी ब्रिटनमध्ये मतदार सर्वांसमोर आपलं मत सांगत आणि ते वहीत नोंदलं जाई. कुळाने कोणाला मत दिलं ते जमीनदाराला दुसऱ्या दिवशी कळे. १८६८च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलेल्या कुळांना शेतांवरून हाकललं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ सालीच गुप्त मतपत्रिका आणली होती. ब्रिटनने ती १८७२ साली स्वीकारली. पडदा धीट माणसासाठी उभारलेला नाही. ज्याला धीट होणं परवडत नाही त्याच्यासाठी तो आहे.

काका बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, ‘वरच्या मजल्यावरच्या मालकाचे भाडेकरू का?’ मी गप्प राहिले, आणि तेवढं एक मौन बरोबर होतं असं मला आजही वाटतं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. तोडगा त्यांनीच काढला. फाटक, जिना, गच्ची ही सगळ्यांची जागा, तिथे कुठल्याच पक्षाचं काही लागणार नाही. ज्याने त्याने आपल्या दारावर, आपल्या खिडकीत काय हवं ते लावावं. संध्याकाळी फलक उतरला आणि काकांच्या खिडकीत लागला. पहिल्यापेक्षा मोठा. तो त्यांचा हक्कच होता.

गटाबद्दलही ठरलं की त्यावर पाणी, वीज, दुरुस्ती, हरवलं-सापडलं याखेरीज काही नको. याला बहुमतवाल्यांकडून विरोध होईल असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. झालं उलटं. काकांच्याच मताच्या चार-पाच जणांनी परस्पर येऊन आभार मानले. समारा क्लार, याना क्रुपनिकोव्ह आणि जॉन रायन यांनी २०१८ साली अमेरिकेतल्या पाहण्यांवरून दाखवलेली गोष्ट इथे नेमकी बसते. मुलाने विरुद्ध पक्षाच्या घरात लग्न केलं तर चालेल का, या प्रश्नाला येणारी नाराजी गेल्या काही दशकांत खूप वाढलेली दिसते. पण ती व्यक्ती राजकारणाबद्दल क्वचितच बोलते असं सांगितलं की नाराजी बरीच उतरते. बऱ्याच लोकांना सारखं राजकारण उगाळणाऱ्याचाच कंटाळा येतो, मग तो आपल्या पक्षाचा का असेना.

छपराचं काम

दुसऱ्या महिन्यात गच्चीचं छप्पर गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी तिघांची समिती नेमली गेली. काकांनी त्यात माझं नाव घातलं. ते मुद्दाम होतं का, मी विचारलेलं नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली म्हटलं होतं की परस्परांबद्दल पूर्वग्रह असलेली माणसं नुसती जवळ आणून भागत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते मिळून गाठावं लागावं आणि वर ज्यांचं चालतं त्यांचा याला पाठिंबा हवा. २००६ साली टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे त्यातून पक्कं दिसलं. ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तर परिणाम अधिक चांगला, पण त्या सगळ्या असल्याच पाहिजेत असं मात्र नाही. यातले बरेच अभ्यास वंश आणि समाजगटांबद्दलचे आहेत, राजकीय मतांबद्दलचे नव्हेत. तरी गच्चीवर उन्हात उभं राहून कंत्राटदाराशी घासाघीस करताना मला त्यातलं काहीतरी जाणवत होतं. मी आणि काका तिथे दोन मतदार नव्हतो, गळक्या छपराखाली राहणारी दोन माणसं होतो.

कामाच्या मधल्या वेळात बोलणं राजकारणावर जायचंच. एकदा एका सरकारी योजनेवरून जुंपली. ती योजना त्यांना वरदान वाटत होती, मला फसवणूक. काका म्हणाले, ‘बरं, ती चालते कशी ते सांगा. पैसा कुठून निघतो, कुणाकडे जातो, कोण तपासतं?’ मी सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्यात अडखळले. मग त्यांना विचारलं. ते चौथ्या वाक्यात थांबले. आम्ही दोघं इतक्या ठामपणे जिच्यावर भांडत होतो ती वस्तू आतून कशी फिरते हे दोघांनाही धड माहीत नव्हतं. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांचा २०१३चा अभ्यास हेच सांगतो. धोरण कसं चालतं ते पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं की माणसाचं टोकाचं मत मवाळ होतं. ते का पटतं याची कारणं द्यायला सांगितली तर होत नाही. त्या दिवसापासून मी ‘तुम्हाला हे कसं काय पटतं?’ असं विचारणं सोडलं. ‘हे चालतं कसं?’ असं विचारते, आणि आधी स्वतःला.

जिथे मी थांबले

सगळ्याच मतभेदांना हे लागू पडत नाही. ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही.

तिसऱ्या महिन्यातल्या बैठकीत एक घर भाड्याने देण्याचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एका समाजाचं नाव घेऊन म्हटलं, ‘त्या लोकांना आपल्या इमारतीत घेऊच नका.’ कर किती असावा, शेतीला अनुदान द्यावं की नाही, परराष्ट्र धोरण कसं असावं, याबद्दल मी कुणाचंही मत ऐकून घेईन, वर्षानुवर्षं ऐकून घेईन. पण कुणी जन्माने काय आहे म्हणून त्याला छप्पर मिळू नये, हे ‘वेगळं मत’ म्हणून मी शेजारी बसवून घेणार नाही. तिथे सोशिकपणा दाखवला तर त्याची किंमत मी भरत नाही. जो त्या बैठकीत हजर नाही तो भरतो.

मी बोलायला उठत होते. माझ्या आधी काका उठले. म्हणाले, ‘वहीत असा नियम नाही आणि मी असेपर्यंत होणार नाही.’ त्यांच्यामागून वहिनी बोलल्या, त्याहून कडक.

तो क्षण माझ्यासाठी मोठा होता, आणि मला लाजही वाटली. मी मनात धरून बसले होते की या विषयावर ती दोघं त्या गृहस्थांच्याच बाजूची असतील, कारण तिघांचं मत एकाच चिन्हाला जातं. डग्लस अॅलर आणि गौरव सूद यांनी २०१८ साली अमेरिकेत असेच अंदाज तपासले. रिपब्लिकन पक्षाच्या लोकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरांहून जास्त कमावणारे किती, असं विचारल्यावर लोकांच्या अंदाजांची सरासरी ३८ टक्के आली. खरा आकडा २ टक्के. पक्षाचं नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे त्या पक्षाचा सर्वांत ठसठशीत माणूस उभा राहतो आणि बाकीच्यांना आपण त्याचेच कपडे चढवतो. मी काकांना तिसऱ्या मजल्याचे कपडे चढवले होते. मतदानाची रेघ एकीकडून जात होती आणि माणुसकीची दुसरीकडून.

ते गृहस्थ आणि मी आज बोलत नाही. जिन्यात समोर आले तर वाट देते, तेवढंच. हा दुरावा मिटवावा असं मला वाटत नाही. ते घर ज्यांना मिळालं ते आता आमच्यात राहतात.

वहिनी

वहिनींबाबत घाई करता येणार नव्हती. मुलीचं त्यांच्याकडे जाणं त्यांनी कधीच थांबवलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण माझ्याशी बोलणं कामापुरतं.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले आणि तीन वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. ‘वहिनी, तुम्ही त्यांना मत का देता, मला खरंच ऐकायचंय. मध्ये बोलणार नाही.’ त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बसा.’

त्यांच्या वडिलांचं निवृत्तिवेतन एका चुकीच्या नोंदीमुळे सात वर्षं अडलं होतं. ही कचेरी, ती कचेरी. वडील हातात पिशवी आणि पिशवीत कागद घेऊन दर महिन्याला जात आणि परत येत. ज्यांच्या हाती तेव्हा सत्ता होती त्यांच्या माणसांनी दाराशी उभं केलं नाही. ज्यांना वहिनी आज मत देतात त्यांच्या एका कार्यकर्त्याने तीन आठवड्यांत ते काम करून दिलं. वडील त्यानंतर दीड वर्ष जगले. ‘त्यांचा पैसा त्यांच्या हातात पडला. ते मी कसं विसरू?’

माझ्याजवळ या पक्षाच्या धोरणांवर निदान वीस मुद्दे होते. या गोष्टीपुढे त्यातला एकही काढण्यासारखा नव्हता. मी कात्रणं टाकत होते तेव्हा माझ्या मते मी चुकीच्या माहितीशी लढत होते. त्यांच्या बाजूला माहिती नव्हतीच, कृतज्ञता होती.

मग त्यांनी विचारलं, ‘आणि तुमचं?’ मी माझी गोष्ट सांगितली. माझ्याही मतामागे घरातलं एक जुनं दुखणं आहे, ते इथे लिहीत नाही. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘हे आधी सांगितलं असतंत तर.’

त्यांचं मत बदललं नाही. माझंही नाही. बदलावं म्हणून मी गेले नव्हते, आणि गेले असते तर त्यांना ते दारातच कळलं असतं.

पाच महिन्यांनंतर

निवडणूक काकांच्या उमेदवाराने जिंकली. निकालाच्या दिवशी त्यांनी फटाके फाटकाबाहेर रस्त्यावर वाजवले, आत नाही. मी त्यांचं अभिनंदन केलं, आणि पुढच्या बैठकीत छपराच्या हिशेबात त्यांची एक चूक दाखवली. ती त्यांनी वहीत दुरुस्त केली.

दोन भाडेकरू घरांनी आपलं मत अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं असा माझा आग्रह नाही.

एका गोष्टीची मला धास्ती वाटते. डायना मुट्झ यांनी त्यांच्या अभ्यासांतून दाखवलं आहे की ज्यांच्या रोजच्या वावरात विरुद्ध मताची माणसं असतात ते अधिक सहिष्णू असतात, पण राजकारणात भाग घेण्यात मागे पडतात. कोणाला दुखवायला नको म्हणून हळूहळू हात आखडता होतो. हे माझ्यात शिरताना मी पाहिलं. या वर्षी एका मोर्चाला निघताना, जिन्यात वहिनी भेटल्या तर काय, हा विचार आला आणि पाऊल अडलं. मग गेले. भेटल्याही. हातातला फलक त्यांनी वाचला, ओठ आवळले, आणि मुलगी किती वाजता येणार एवढंच विचारलं.

किल्ली अजून माझ्याच टेबलाच्या खणात आहे. ‘परत ठेवा’ असं मी म्हटलेलं नाही. त्यांनी मागितलेली नाही.

पण आता बातम्या लागल्या की त्या भिंतीपलीकडून हाक मारतात. मी गेले की पडद्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, ‘हं, आता तुमचं उलटं असणार. सांगा.’

आणि मी सांगते.